कॅलिफोर्नियात सीएनए व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, होण्यासाठी डिग्री लागत नाही. वयाची सोळा वर्षं पूर्ण असली की पुरतं, आणि पूर्णवेळ कोर्स केला तर तो दीड-दोन महिन्यांत आटोपतो. हे सगळं खरं आहे. तरीही सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींचे यात सहा-सहा महिने गेले, काहींची फी पाण्यात गेली. अभ्यास अवघड आहे म्हणून नव्हे. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी करायची, हे कुणी सांगत नाही म्हणून. तो क्रम इथे लिहिते आहे.

मी हे कॅलिफोर्नियात केलं, त्यामुळे नियम इथलेच आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर ढाचा हाच, पण आकडे वेगळे. १९८७ च्या एका केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या मदतनिसांसाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्यावर प्रत्येक राज्याने आपापली भर घातली. न्यू जर्सीत ९० तास, टेक्ससमध्ये १००, आणि कॅलिफोर्नियात १६०: त्यातले ६० वर्गात आणि १०० प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावसबहिणीने सांगितलेलं वेळापत्रक इथल्या फ्रीमाँटमध्ये चालत नाही.

१. काम काय आहे ते डोळ्यांनी बघून या

इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं रुग्णालय असतं ते नव्हे. इथे बहुतेक वृद्ध माणसं राहतात, काही महिनोन्‌महिने, काही शेवटपर्यंत. त्यांना पेशंट नाही, रेसिडेंट म्हणतात. सीएनएचं काम म्हणजे त्यांना अंघोळ घालणं, ब्रीफ (मोठ्या माणसांचा डायपर) बदलणं, कवळी धुणं, कपडे चढवणं, भरवणं, पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं, अंथरुणाला खिळलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलणं, नाडी-ताप-बीपी मोजणं आणि या सगळ्याची नोंद करणं. औषध देणं, इंजेक्शन टोचणं हे तुमचं काम नाही. कुणी "जरा एवढी गोळी देऊन ये" म्हणालं तरी नाही.

पुरुष रेसिडेंटचीही अंगस्वच्छता करावी लागते. भरवण्याच्या ट्रेमध्ये बीफ असतं, आणि तुम्ही शाकाहारी असलात तरी ते चमच्याने तुम्हालाच भरवायचं असतं. हे जमणार नसेल तर आजच कळलेलं बरं. "इंजिनिअरिंग करून आयाचं काम?" हा प्रश्न पुण्याहून फोनवर येणार, तो गृहीत धरा. त्याचं उत्तर ज्याने त्याने शोधायचं. मी फक्त एवढंच म्हणेन की नर्सिंगकडे जायचं मनात असेल तर आपल्याला हे झेपतं का, हे कळायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

सकाळच्या पाळीत एका सीएनएकडे आठ-दहा रेसिडेंट असणं नेहमीचंच. पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

२. व्हिसा तपासा, शाळा नंतर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. शाळा तुम्हाला प्रवेश देताना व्हिसा विचारेलच असं नाही. तिला फीशी मतलब.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला परवानगी आहे. पण वर्क परमिट (ईएडी) नसेल तर नोकरी करता येत नाही. हे परमिट मे २०१५ पासून एच-४ वरच्या जोडीदारांना मिळू लागलं, मात्र सरसकट नाही. मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी सहसा कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे त्यांनाच. एल-२ वर (कंपनीने बदली करून आणलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीवर, 'एल-२एस' असं छापलेलं असेल, तर वेगळं परमिट न घेताही काम करता येतं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या बहिणीला "आलीच आहेस तर कोर्स करून जा" असं मुळीच सांगू नका, त्या व्हिसावर शिकायलाही परवानगी नाही.

परमिट "येईलच वर्षभरात" म्हणून आत्ता कोर्स करून ठेवणाऱ्या असतात. त्यांनी पुढचा नववा टप्पा आधी वाचावा. सर्टिफिकेटला मुदत असते आणि पगारी काम केल्याशिवाय ते टिकत नाही.

भारतात जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांसाठी वेगळी वाट आहे. कॅलिफोर्नियात परदेशी शिक्षणाच्या आधारावर पूर्ण १६० तास न करता थेट परीक्षेला बसण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागतं आणि ते मिळवायला किती खेपा घालाव्या लागतात हे तुम्हाला माहीत आहेच. एनक्लेक्सच्या, म्हणजे इथल्या नर्सच्या परवान्याच्या परीक्षेच्या, अभ्यासात असलेल्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

३. फुकट शिकवणारं कुणी आहे का, ते आधी शोधा

हे कुठलीही खासगी शाळा सांगणार नाही. केंद्रीय नियम असा आहे की प्रशिक्षण सुरू होताना तुम्ही एखाद्या नर्सिंग होमच्या नोकरीत असाल किंवा त्यांचं नोकरीचं पत्र तुमच्या हातात असेल, तर प्रशिक्षणाचा, पुस्तकांचा आणि परीक्षेचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. स्वतःच्या खर्चाने शिकलात आणि कोर्स संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये लागलात, तर त्या खर्चाची भरपाई कामाच्या कालावधीच्या प्रमाणात मिळण्याची तरतूद आहे. म्हणून पावत्या जपून ठेवा. मुलाखतीत "ट्युशन रिइम्बर्समेंट देता का?" हे न लाजता विचारा.

तर क्रम असा: पहिल्यांदा जवळच्या मोठ्या नर्सिंग होमना फोन करून त्यांचा स्वतःचा प्रशिक्षणवर्ग आहे का ते विचारा. मग गावातली अडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज. कम्युनिटी कॉलेजची फी राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर आहे, आणि एच-४ वाल्यांनाही ठरावीक काळ इथे राहिल्यावर रहिवासी धरलं जाऊ शकतं. प्रवेश कार्यालयात स्पष्ट विचारा. इथे अडचण पैशांची नसते, रांगेची असते. खासगी शाळा शेवटी. त्या दीड-दोन हजार डॉलर आणि कधी त्याहून जास्त घेतात, पण पुढच्या सोमवारी बॅच सुरू होते.

शाळा कुठलीही असो, चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. राज्याच्या आरोग्य खात्याची, म्हणजे सीडीपीएचची, मान्यता आहे का? (मान्य शाळांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर असते, शाळेच्या भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका.) क्लिनिकलची (नर्सिंग होममधल्या प्रत्यक्ष तासांची) जागा कुठली आणि ती आत्ता निश्चित आहे का? एक दिवस बुडला तर तास भरून कसे काढायचे? आणि फी परत मिळण्याची अट काय? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थिअरी संपते, आणि मग नर्सिंग होमशी शाळेचा करारच नसल्यामुळे विद्यार्थी महिनोन्‌महिने ताटकळत बसतात. माझ्याच ओळखीत हे घडलंय.

"घरबसल्या पूर्ण ऑनलाइन सीएनए" अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. थिअरी ऑनलाइन असू शकते. शंभर तासांचं क्लिनिकल ऑनलाइन होत नाही.

४. कागद एका फाइलमध्ये लावा

- सरकारी फोटो ओळखपत्र आणि सहीचं दुसरं एखादं ओळखपत्र
- सोशल सिक्युरिटी क्रमांक. तो नसेल तर आयटीआयएनवरही (कर भरण्यासाठी मिळणारा क्रमांक) कॅलिफोर्नियाचा अर्ज करता येतो
- सर्टिफिकेटसाठीचा अर्ज, फॉर्म सीडीपीएच २८३बी (बहुतेक शाळा स्वतःच भरून घेतात)
- लाइव्ह स्कॅनचा फॉर्म बीसीआयए ८०१६, बोटांचे ठसे दिल्यावर त्याची शिक्का मारलेली प्रत
- डॉक्टरांचा आरोग्य तपासणीचा दाखला आणि टीबीचा रिपोर्ट
- लसीकरणाची नोंद: हिपॅटायटिस बी, एमएमआर, कांजिण्या, टीडॅप, फ्लू, कोविडबद्दल संस्थेगणिक वेगळं
- बीएलएस कार्ड (सीपीआर वगैरे जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं), शाळेने किंवा पुढे नोकरीवर मागितलं तर. घ्यायचंच असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचं घ्या. निव्वळ ऑनलाइन मिळणारी कार्डं पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत

आता नावाचं प्रकरण. आपल्या बायकांच्या कागदांवर जेवढी नावं असतात तेवढी जगात कुणाची नसतील. पासपोर्टवर सासरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, लग्नात बदललेलं पहिलं नाव तिसऱ्याच कागदावर, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही परत देत नाहीत. एकच नाव ठरवा: जे ड्रायव्हिंग लायसन्सवर आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे ते. शाळेचा प्रवेश, २८३बी, लाइव्ह स्कॅन, परीक्षेची नोंदणी, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच. या दोन कार्डांतच फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, मग पुढे जा.

लाइव्ह स्कॅनच्या फॉर्मवर एटीआय क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. गुन्हेगारी तपासणीचा निकाल अडकला तर चौकशी त्याच क्रमांकावर होते. भांडी घासून हात कोरडे, भेगाळलेले असतील तर ठसे नीट उमटत नाहीत आणि पुन्हा बोलावतात. दोन-चार दिवस आधीपासून हाताला क्रीम लावा, फक्त ठसे द्यायला जाताना नको.

५. टीबीची चाचणी: त्वचेवर नको, रक्तातून

हा मुद्दा खास आपल्यासाठी. भारतात जन्मलेल्या जवळजवळ सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते. दवाखान्यात नेहमीची त्वचेची चाचणी केली की हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ बघतात. बीसीजीमुळे टीबी नसतानाही ती गाठ उठू शकते. मग पॉझिटिव्ह शेरा, छातीचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दरवर्षी नव्या नोकरीत तेच रामायण.

त्याऐवजी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की मला बीसीजी झालेली आहे, क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची चाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. शाळेला ती चालते का हे आधी विचारून घ्या, सहसा चालते. रक्ताची चाचणी खरंच पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका. आपल्याकडच्या पुष्कळांमध्ये जंतू सुप्त असतात. एक्स-रे स्वच्छ असला तर काम करता येतं. उपचाराचं काय करायचं ते डॉक्टरांशी ठरवा.

६. वर्ग आणि क्लिनिकल

थिअरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दहावीचं इंग्रजी आणि थोडी सवय पुरते. एककं मात्र पाठ करा: वजन पौंडात, ताप फॅरनहाइटमध्ये, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर. जेवणाच्या ट्रेवरचा आठ औंसांचा ज्यूस अर्धा प्यायला तर नोंद १२० मिलिलिटरची.

क्लिनिकल बहुतेक वेळा सकाळी सातच्या आत सुरू होतं. मुलांची शाळा, डबे, नवऱ्याचं ऑफिस यांची घडी आधी बसवा, कारण बुडलेला प्रत्येक तास भरून द्यावा लागतो. बांगड्या, अंगठ्या, लांब नखं, जेल पॉलिश घरी ठेवून जायचं. मंगळसूत्र आतल्या बाजूला चालेल की नाही हे प्रशिक्षिकेला विचारा. सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ घ्या, मोबाइल बघून नाडी मोजू देत नाहीत.

आणखी दोन सवयी सोडाव्या लागतात. म्हातारी बाई दिसली की आपल्या तोंडून प्रेमाने 'आजी' निघतं, त्याच चालीवर इथे 'ग्रँडमा' किंवा 'स्वीटी' म्हणायचं नाही. रेसिडेंटला जे नाव आवडतं त्याच नावाने हाक मारायची. मिसेस मिलर म्हणजे मिसेस मिलरच. दुसरी सवय फोटोची. दिवाळीला रेसिडेंटबरोबर काढलेला गोड सेल्फी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात तर नोकरी आणि सर्टिफिकेट दोन्ही धोक्यात येतं.

आणि अंगावर वळ, जखम, आरडाओरडा असं काही संशयास्पद दिसलं तर कळवणं हे कॅलिफोर्नियात सीएनएवर कायद्याने बंधनकारक आहे. "आपल्याला काय करायचंय" हे इथे चालत नाही.

७. परीक्षा: लेखी सोपी, हाताची अवघड

लेखी परीक्षा बहुपर्यायी असते. मोठ्याने वाचून दाखवलेल्या प्रश्नांची तोंडी आवृत्तीही निवडता येते. आपली मंडळी यात क्वचित नापास होतात. नापास होतात ती कौशल्य परीक्षेत, कारण घरी माणसं सांभाळल्याचा आत्मविश्वास असतो आणि इथे पायऱ्या मोजल्या जातात.

बऱ्याच राज्यांत वापरल्या जाणाऱ्या एनएनएएपी या परीक्षेच्या नमुन्यात वीस-बावीस कौशल्यांपैकी पाच करून दाखवायची असतात, साधारण अर्ध्या तासात. हात धुणं ठरलेलं, एक मोजमापाचं, बाकी नशिबात येतील ती. तुमच्या शाळेला जी परीक्षा संस्था लागू आहे तिची पुस्तिका उतरवून घ्या आणि तिच्यातल्याच पायऱ्या पाठ करा. यूट्यूबवरच्या प्रत्येक बाईची पद्धत वेगळी असते.

हात धुणं बघा. मनगटापर्यंत ओले करायचे, साबण लावून निदान वीस सेकंद चोळायचे, बोटं कायम मनगटापेक्षा खाली, नखं दुसऱ्या तळव्यावर घासायची. मग धुऊन, स्वच्छ पेपर टॉवेलने पुसून, तो टाकून, *दुसऱ्या* टॉवेलने नळ बंद करायचा. हात सिंकला लागला तर पुन्हा पहिल्यापासून. घरी आपण नळ उघड्या हाताने बंद करतो, आणि परीक्षेतही हात आपोआप तिकडेच जातो. म्हणून कोर्सभर घरीही असेच हात धुवा. घरातले हसतील, हसू द्या.

कमजोर हाताला शर्ट घालणं: चढवताना आधी कमजोर हात, काढताना आधी चांगला हात. लघवीचं माप: भांडं टॉवेलवर सपाट ठेवायचं, गुडघ्यात वाकून डोळे पातळीच्या समोर आणायचे, वाचायचं, ओतायचं, मगच नोंद करायची. उभं राहून वरून वाचलं की आकडा चुकतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे नको. व्हीलचेअरची चाकं लॉक करणं, पलंग खाली आणणं, पडदा ओढणं, आणि निघताना कॉल बेल हाताशी ठेवणं, या चार गोष्टी जवळजवळ प्रत्येक कौशल्यात येतात. त्यांचं एखादं मराठी गाणं बनवलंत तरी हरकत नाही, फक्त विसरू नका.

करण्याआधी सांगायचं हेही तितकंच महत्त्वाचं. "मिसेस जोन्स, मी आता तुमचा उजवा हात उचलते" असं बोलत राहा, समोर सहपरीक्षार्थी झोपलेली असली तरी. आपल्याला मुकाट्याने काम करायची सवय असते. इथे मुकाट काम म्हणजे गुण गेले. चूक लक्षात आली तर परीक्षकाला सांगून तेवढी पायरी सुधारता येते, पण अमुकच्या आधी तमुक असा क्रम सक्तीचा असेल तिथे नाही.

एका भागात नापास झालात तर फक्त तोच भाग पुन्हा द्यायचा. संधी तीन. त्यात जमलं नाही तर प्रशिक्षण पुन्हा.

८. रजिस्ट्रीत नाव आणि पहिली नोकरी

परीक्षा पास झाली आणि ठशांचा अहवाल स्वच्छ आला की राज्याच्या रजिस्ट्रीत नाव चढतं. ते कुणालाही ऑनलाइन दिसतं, आणि नोकरी देणारे तेच बघतात. छळाचा किंवा चोरीचा ठपका आला तर तोही तिथेच दिसतो. नाताळला रेसिडेंटच्या मुलाने शंभराची नोट पुढे केली तर नम्रपणे नको म्हणा; संस्थेचं भेटवस्तूंचं धोरण पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

पगाराबद्दल भ्रम नको. २०२३ साली देशभरात नर्सिंग असिस्टंटची मध्यम कमाई वर्षाला ३८ हजार डॉलरच्या आसपास होती. कॅलिफोर्नियात याहून जास्त मिळते, पण बे एरियाचं भाडंही जास्त आहे. रुग्णालयं जास्त देतात आणि बहुतेकदा अनुभव मागतात, म्हणून पहिली नोकरी नर्सिंग होममध्येच होईल असं धरून चाला. मुलाखतीत पाळीला किती रेसिडेंट असतात आणि हॉयर लिफ्ट (माणसाला पलंगावरून उचलायचं यंत्र) चालू स्थितीत आहेत का, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळतं.

घरोघरी जाऊन काम करायचं असेल तर सीएनएनंतर ४० तासांचा होम हेल्थ एडचा कोर्स आहे. त्याला वेगळी परीक्षा नाही.

९. सर्टिफिकेट जिवंत ठेवणं

दर दोन वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी दोन वर्षांत ४८ तासांचं सततचं प्रशिक्षण, त्यातले दरवर्षी किमान १२. सगळे शेवटच्या महिन्यात उरकता येत नाहीत. शिवाय या काळात परवानाधारक आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली पगारी काम केलेलं असलं पाहिजे. सासूबाईंची घरी केलेली शुश्रूषा, मंदिरातली सेवा किंवा ओळखीच्या काकांकडे रोखीने केलेली देखभाल यात धरत नाहीत. सलग २४ महिने असं पगारी काम झालंच नाही तर केंद्रीय नियमाप्रमाणे प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा करावी लागते. बाळंतपण, भारतात लांबलेला मुक्काम किंवा अडकलेलं परमिट, यांत हे चोवीस महिने कधी निघून जातात कळत नाही.

नवऱ्याची नोकरी बदलून तुम्ही डॅलसला किंवा न्यू जर्सीला गेलात तर सर्टिफिकेट आपोआप बरोबर येत नाही. नव्या राज्यात रेसिप्रॉसिटीचा, म्हणजे जुनं सर्टिफिकेट मान्य करून घेण्याचा, अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी जुन्या राज्यातलं सर्टिफिकेट चालू असणं गरजेचं असतं. म्हणून सामान बांधण्याआधी तारीख बघा. मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरण इथेच उरका, आणि बदललेला पत्ता सीडीपीएचला कळवा, नाहीतर पुढची पत्रं जुन्याच अपार्टमेंटच्या पेटीत पडत राहतील.